लॉरेन्सवर क्वान्ट्रिलने केलेल्या हल्ल्याला गनिमी कावा म्हणता येईल का?

प्रश्नात लिहिलंय, "१८६३ चा कॅन्ससमधला लॉरेन्सवरचा हल्ला हा ओसिओलाचा सूड होता, त्यात बायकांना मारलं नाही, मग त्याला गनिमी कावा म्हणायला काय हरकत?"

हरकत आहे. क्वान्ट्रिल म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या टोळीचा म्होरक्या, आणि ओसिओला म्हणजे त्याआधी कॅन्ससवाल्यांनी जाळलेलं मिझुरीतलं गाव. मी अकरा वर्षं लॉरेन्समध्ये राहते, आणि जवळजवळ हेच वाक्य माझ्या धाकट्या दिरांनी गणपतीच्या पंगतीत मला ऐकवलं होतं. भाऊजी राज्याच्या सीमेपलीकडे, मिझुरीत राहतात. "वहिनी, तुम्ही लॉरेन्सवाले एकच बाजू सांगता. त्यांनी बायकांना हात नाही लावला. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आठवा जरा." मी मोदक वाढत होते. घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसले. ते गप्प बसणं अजून सलतंय.

तेव्हा भाऊजी, बायकांचंच सांगते. २१ ऑगस्टच्या पहाटे चारशेच्या वर स्वार गावात शिरले तेव्हा लोक झोपेत होते. न्यायाधीश लुई कार्पेंटर जखमी होऊन अंगणात पडले, तेव्हा त्यांची बायको त्यांच्या अंगावर आडवी पडली. स्वारांनी तिचा हात बाजूला उचलला आणि खालून गोळी घातली. तिला हात लावला तो असा. महापौर कोलामोर विहिरीत लपले आणि तिथेच गुदमरून गेले. कुणी नवऱ्याला गालिच्यात गुंडाळून वाचवलं. चार तासांत दीडशेच्या वर पुरुष आणि पोरं मेली, बहुतेक निःशस्त्र. नव्याने भरती झालेल्या, हातात बंदूकही न मिळालेल्या पोरांची छावणी होती, त्यातली सतरा मारली. मॅसॅच्युसेट्स स्ट्रीट जळाला. मी रोज त्याच रस्त्याने कामाला जाते. प्रेतं ओळखायची, पुरायची, आणि घर जळून गेलेलं असताना पोरांना खाऊ घालायचं, हे सगळं त्या 'सोडून दिलेल्या' बायकांनी केलं.

आणि सूड कुणावर? ओसिओला जाळणारा कॅन्ससचा सेनेटर जेम्स लेन गावातच होता. तो रात्रीच्या सदऱ्यावर मक्याच्या शेतातून पळाला आणि वाचला. मेले ते दुकानदार, सुतार, विद्यार्थी. क्वान्ट्रिल १८६० मध्ये चार्ली हार्ट या नावाने याच गावात राहून गेला होता, त्यामुळे घरं कुणाची हे त्याला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही.

गनिमी कावा म्हणजे थोड्या लोकांनी मोठ्या फौजेला डोंगरदऱ्यांत दमवणं, तिची रसद तोडणं. चिपळूणच्या छावणीला महाराजांनी लिहिलेलं पत्र वाचा. रयतेचं गवत, फाटा, भाजी ओढून आणाल तर लोक म्हणतील मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट, एवढी काळजी त्यात आहे. झोपलेल्या गावातल्या माणसांना दारात बोलावून मारणाऱ्याला तो शब्द द्यायचा नाही. मी तरी देणार नाही.

आता जे पंगतीत मीही म्हणाले नसते ते. २३ सप्टेंबर १८६१ ला लेनच्या लोकांनी ओसिओला लुटलं, जाळलं आणि नऊ जणांना उभं करून गोळ्या घातल्या. लॉरेन्सच्या आठवडाभर आधी कॅन्सस सिटीत बुशव्हॅकरांच्या, म्हणजे क्वान्ट्रिलसारख्या टोळीवाल्यांच्या, नात्यातल्या बायका कोंडलेली इमारत कोसळली, त्यात काहीजणी मेल्या. आणि २५ ऑगस्टला उत्तरेच्या फौजेच्या जनरल युइंगने हुकूम क्रमांक ११ काढून मिझुरीचे सीमेलगतचे परगणे रिकामे करवले, घरं जळली. भाऊजी राहतात ती जॅक्सन काउंटी त्यातच होती. त्यांची चीड खोटी नाही, हे मला मान्य आहे.

दुसरं मला एका बंगाली मैत्रिणीने ऐकवलं. तिच्या आजीकडे मुलांना झोपवताना बर्गी येतील म्हणायचे. बर्गी म्हणजे आपलेच बारगीर, १७४२ पासून दहाएक वर्षं बंगालात घुसत राहिलेले नागपूरकर रघुजी भोसल्यांचे स्वार. त्यांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. त्यालाही मी गनिमी कावा म्हणणार नाही, आणि हे लिहिताना मला जड जातंय.

भाऊजी ऑगस्टमध्ये येणार आहेत. त्यांना ओक हिल स्मशानभूमीत या हल्ल्यात मेलेल्यांच्या १८९५ च्या स्मृतिस्तंभापाशी नेणार आहे. ते ओसिओलाला चला म्हणाले तर मीही जाईन.