कोल्हापुरात बेघर दिसत नाहीत, मग घरांची टंचाई कसली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मध्यवर्ती बसस्थानकावर आणि अंबाबाईच्या देवळाच्या आसपास रात्री झोपलेली थोडी माणसं सोडली तर कोल्हापुरात बेघर कुणी दिसत नाही. उलट पाचगाव-मोरेवाडीकडं फ्लॅट कुलूपबंद पडलेत, तुमच्या भावाचाही त्यात एक आहे. मग अभ्यासक सांगतात ती घरांची टंचाई आहे कुठं?

ती खोल्यांच्या आत आहे. मी राजारामपुरीत ऑनलाइन भाडेकरार नोंदवून देण्याचं काम करते, त्यामुळं ती मला रोज दिसते.

मध्यंतरी उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डिंगचं काम करणारे एक गृहस्थ आले होते, तिशीतले. त्यांचा अंगठा मशिनवर उठेना. "ताई, वाळूनं रेषाच गेल्यात बघा," म्हणाले. कोमट पाण्यानं हात धुऊन झाले, रुमालानं पुसून झाले, दुसरी बोटं लावून पाहिली. घरमालक घड्याळाकडं बघायला लागले. शेवटी डाव्या हाताची अनामिका लागली. एवढी धडपड कशासाठी, तर पोराला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागेवर, इंग्रजी शाळेत घालायचं होतं आणि भाड्यानं राहणाऱ्या पालकाला त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरारच लागतो. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला करार. त्याआधी पंधरा वर्षं ते याच शहरात वेगवेगळ्या खोल्यांत राहिले, पण त्याचा कुठंही कागद नाही.

बोलता बोलता कळलं की खोली एक आणि माणसं सात. आई, हे नवरा-बायको, दोन मुलं, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ कारखान्यात कायम रात्रपाळी मागून घेतो. तो रात्री बाहेर असला की बाकीच्यांना पाय लांब करायला जागा होते. मी हे ऐकलं आणि पुढचा रकाना भरायला माझे हातच चालेनात.

हे कुटुंब बेघर नाही. जनगणनेत बेघर कोण, तर डोक्यावर छप्पर असलेल्या कुठल्याच घरात न राहणारा: फुटपाथवर, पुलाखाली, मोठ्या पाइपात, देवळाच्या मंडपात, फलाटावर झोपणारा. २०११ ला त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशभरात १७.७ लाख माणसं भरली, महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक. आधीच्या दहा वर्षांत खेड्यांतला आकडा घटला होता, शहरांतला मात्र ७.८ लाखांवरून ९.४ लाखांवर गेला होता. एका रात्रीत किती जण नजरेतून सुटले असतील, याचा विचार तुम्हीच करा. रात्री दुकानाच्या पायरीवर झोपणारा माणूस पोलिसाला बघून उठून चालायला लागतो.

पण खरी गंमत नव्हे, खरं दुखणं पुढंच आहे. २०१२ मध्ये केंद्र सरकारनं नेमलेल्या, अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक गटानं शहरी घरटंचाईचा अंदाज काढला होता: १ कोटी ८८ लाख घरं. त्यात अजिबात घर नसलेल्या कुटुंबांचा वाटा फार छोटा, पाच लाखांच्या आसपास. जवळपास ऐंशी टक्के टंचाई दाटीची होती, म्हणजे लग्न झालेल्या जोडप्याला वेगळी खोली नाही अशी कुटुंबं. माझ्याकडं आलेल्या त्या गृहस्थांचं घर नेमकं यात बसतं. आणि ९५ टक्क्यांहून जास्त टंचाई आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातली. पुढं २०२० मध्ये इक्रिअर या दिल्लीच्या संशोधन संस्थेच्या अभ्यासानं २०१८ सालासाठी हाच आकडा २ कोटी ९० लाखांवर नेला. मधल्या काळात बिल्डरांचे फलक काही कमी लागले नव्हते, तरी टंचाई वाढली, कारण बांधलेलं घर एकाच्या खिशाला परवडणारं आणि गरज दुसऱ्याची.

तुमच्या भावाच्या कुलूपबंद फ्लॅटचं उत्तरही यातच आहे. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात १ कोटी १० लाखांच्या वर घरं रिकामी सापडली. म्हणजे एकीकडं रिकामी घरं आणि दुसरीकडं दाटीच्या खोल्या, दोन्ही एकाच गावात.

मालक घर भाड्यानं का देत नाहीत, याचं उत्तर मला रोज ऐकायला मिळतं: "कूळ लागलं तर?" म्हणजे भाडेकरू हक्क सांगून घर सोडेनाच झाला तर? आजोबांच्या काळातल्या कोर्टकचेऱ्यांची भीती आहे ती. जुन्या पेठांतल्या वाड्यांत ती खरीही होती, नाही म्हणत नाही. पण लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठराविक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीच्या कराराला, ती लागू नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याच्या कलम २४ खाली मुदत संपली की लायसन्सधारकाला घर सोडावं लागतं, नाही सोडलं तर दुप्पट रक्कम द्यावी लागते, आणि लेखी करार हा अंतिम पुरावा धरला जातो. उलट कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि वाद झाला तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. भीती ज्याची वाटते तो धोका कागद न करण्यात आहे. हे मी समजावून सांगते तेव्हा निम्मे मालक मान डोलावतात आणि तरी नुसती स्टॅम्पपेपरवर नोटरी करून परत जातात. अकरा महिन्यांचा असला तरी इथं नोंदणी लागतेच, हे कुणाला पटतच नाही.

नोटरीच्या कागदावर किंवा कागदाशिवायच जो भाडेकरू राहतो, त्याचं काय होतं तेही सांगते. २०१९ च्या पुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोका पातळी ४३ ची आहे. पुराचं पाणी शिरणाऱ्या सुतारवाड्यातली कुटुंबं दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात हलवली जातात हे तुम्ही दरवर्षी पेपरात वाचत असाल. त्या वर्षी पाणी ओसरल्यावर शाहूपुरीतली एक धुणीभांडी करणारी बाई माझ्याकडं आली. फ्रिज, गाद्या, पोरांची दप्तरं, सगळं चिखलात गेलेलं. पंचनाम्याला आलेल्यांनी मालकाचं नाव लिहून घेतलं, कारण घर त्याचं. सामान हिचं होतं, पण ही तिथं राहत होती याचा पुरावा नव्हता. तारीख मागं टाकून करार करून मिळेल का, असं तिनं विचारलं. असा करार होत नाही. मला नाही म्हणावं लागलं, आणि ते "नाही" अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

युरोपातल्या अभ्यासकांनी बेघरपणाच्या चार पायऱ्या केल्या आहेत: छप्परच नसणं, निवाऱ्यात किंवा संस्थेत दिवस काढणं, कधीही बाहेर पडावं लागेल अशा घरात राहणं, आणि राहण्यालायक नसलेल्या घरात राहणं. फिनलंडमध्ये तर नाइलाजानं नातेवाइकाकडं किंवा मित्राकडं राहणारा माणूसही बेघरांत मोजतात, आणि तिथल्या बेघरांत सगळ्यांत जास्त हेच निघतात. असं सगळ्यांना मोजून, आधी भाड्याचं पक्कं घर आणि मग बाकीची मदत, या पद्धतीनं त्यांनी १९८७ च्या जवळपास १८ हजारांवरून २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या आत आकडा आणला. मोजमाप बदललं की उपायही बदलतो. आपल्याकडं त्या सुतारवाड्याला आणि त्या सातजणांच्या खोलीला "बेघर" या रकान्यात जागाच नाही.

रस्त्यावरच्यांसाठी काहीच नाही असंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये लाख लोकसंख्येमागं एक, चोवीस तास चालणारा निवारा हवा असं बजावलं. २०११ ला कोल्हापूर शहर साडेपाच लाखांचं होतं, म्हणजे किमान पाच. पण निवाऱ्यानं रात्र निघते. फौंड्रीतल्या माणसाला निवारा नको, दुसरी खोली हवी आहे, आणि ती त्याच्या पगारात बसायला हवी.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर गावात कुणी उघड बोलत नाही. फोनवर खोली आहे म्हणतात, आडनाव कळलं की "आत्ताच गेली" म्हणतात. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात हेच तपासलं, २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले: फोनवर सवर्ण नावाला एकही नकार नाही, दलित नावांना सुमारे १८ टक्के, मुस्लिम नावांना सुमारे ३१ टक्के. कोल्हापूरचा असा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही, पण माझ्यासमोर बसून मालकांनी केलेले फोन मी ऐकलेत. बाहेरगावच्या मुलांना शिकताना राहायला जागा नाही म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली, दसरा चौकात त्यातली काही अजून उभी आहेत. त्याच चौकातून घरी जाताना असले फोन आठवले की मला लाज वाटते.

आता तुमच्या भावाचं बघू. समजा फ्लॅटला ६,००० भाडं आणि ३०,००० डिपॉझिट ठरलं. अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क दोनशेच्या आसपास पडतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. पाचगाव-मोरेवाडी अजून ग्रामपंचायतीत आहे, म्हणजे ५००. वर दस्त हाताळणीचे आणि माझ्यासारख्याचे थोडे पैसे. दोघांचं आधार, दोन साक्षीदार, लाइट बिल किंवा घरफाळ्याची पावती एवढं आणा. भाऊ पुण्यात असला तरी तिथूनच त्याचा अंगठा घेता येतो. दरमहा भाड्याची पावती द्यायला सांगा, ती द्यावीच लागते. आणि भाडेकरू कामगार असला तर त्याला आदल्या रात्री हाताला खोबरेल लावून झोपायला सांगा, अंगठा बऱ्याचदा पहिल्या फेरीतच उठतो.