मुलाला पेंटबॉलमध्ये ‘प्रो’ व्हायचंय

नमस्कार ताई,

न्यू जर्सीतल्या एडिसनहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा अकरावीत, शनिवार-रविवार पेंटबॉलच्या मैदानावर (एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या, अंगावर फुटली की बाद), ‘मी प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू होणार’ हा धोशा आणि वाढदिवसाला दीड हजार डॉलरच्या मार्करची, म्हणजे गोळ्या झाडायच्या बंदुकीची मागणी. यात करिअर आहे का, कॉलेजप्रवेशाला उपयोग होईल का आणि डोळ्यांना धोका किती, असं तुम्ही विचारलंय.

नुसतं खेळून पोट भरणारे फारच थोडे. अमेरिकेतली वरची लीग म्हणजे एनएक्सएल (नॅशनल एक्सबॉल लीग). सॅन डिएगो डायनॅस्टीसारख्या संघांची नावं मुलांना पाठ असतात, पण प्रो संघांतलेही बरेच जण आठवडाभर दुसरी नोकरी करतात. कॉलेजांचे खेळ चालवणारी मुख्य संस्था एनसीएए, तिच्या खेळांत पेंटबॉल नाही, त्यामुळे टेनिस-फुटबॉलसारखी शिष्यवृत्ती गृहीत धरू नका. एनसीपीए या कॉलेज-पेंटबॉलच्या संघटनेच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असतात, पण ते संघ बहुधा विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेले क्लब. कॉलेज विषय बघून निवडा, क्लब असला तर चांगलंच.

मार्करची किंमत एकदाच मोजायची असते, खरा खर्च गोळ्यांचा. एनएक्सएलमध्ये सेकंदाला १०.२ गोळ्यांची मर्यादा आहे. एका खोक्यात २००० गोळ्या येतात. त्या वेगाने सलग गोळ्या सोडल्या तर खोकं सव्वातीन मिनिटांत रिकामं! हा हिशेब मुलालाच करायला सांगा, आणि गोळ्यांचे पैसे त्यानेच कमवावेत असं ठरवा. दीड हजारांचं मार्कर यंदा नको. जुनं, चांगल्या स्थितीतलं घेतलं तरी खालच्या डिव्हिजनमध्ये काही बिघडत नाही.

गॉगल मात्र नवाच घ्या. पेंटबॉलसाठीचं मानक एएसटीएम एफ १७७६ आहे, ते त्यावर लिहिलेलं हवं. गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांपर्यंत चालतो, म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. म्हणून मैदानावर उतरण्याआधी प्रत्येक मार्कर क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) तपासतात, आणि मैदानाबाहेर नळीवर कापडी टोपी चढवावीच लागते. गॉगल लावलेला असेल तर एखादा काळानिळा वळ उठतो, एवढंच. मैदानात कुणी तो काढला तर थेट बाहेरची वाट, आणि इथे रेफरी कुणाचं ऐकत नाही. मार्करमधली गोळी ढकलणाऱ्या हवेच्या टाकीचंही बघा. ४५०० पीएसआय दाबाच्या फायबरच्या टाकीची जलदाब चाचणी सहसा दर पाच वर्षांनी करावी लागते, तारीख टाकीवरच असते. तारीख उलटलेली टाकी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. स्पर्धेला विमानाने जायची वेळ आली तर टाकी रिकामी आणि व्हॉल्व्ह काढलेली लागते. तो तंत्रज्ञाकडूनच काढून-बसवून घ्यायचा, घरच्या पान्याने नाही.

आता कॉलेजच्या अर्जाचं. ‘पेंटबॉल खेळतो’ या ओळीने प्रवेश समितीवर काही छाप पडत नाही. मुलाला मार्कर उघडून दुरुस्त करायला आवडतं, हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. आत हवेचा दाब उतरवणारा रेग्युलेटर आहे, विजेवर हवा सोडणारा सोलेनॉइड आहे, सर्किट बोर्ड आहे. प्रचंड दाबाची हवा उतरवून नाजूक गोळी न फोडता बाहेर काढायची, हे अभियांत्रिकीचंच कोडं. त्याने दुरुस्त्यांची वही ठेवावी: काय बिघडलं, का, काय बदललं. मेकॅनिकल किंवा मेकॅट्रॉनिक्सच्या अर्जात ती वही पदकापेक्षा बोलेल, असं माझं मत आहे.

आणि या उन्हाळ्यात त्याला जवळच्या मैदानावर रेफरीचं काम मागू द्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना असं काम मिळतं, पैसेही मिळतात. कपडे किती जाड चालतात (जाड कपड्यावर गोळी न फुटता उडते), अंगावरचा रंग पुसून खेळत राहिलं तर काय दंड, सेकंदाला अकरावी गोळी सुटली तर कुणाला बाहेर काढायचं, हे सगळं खेळाडू असताना उडत उडत वाचलेलं असतं. शिट्टी हातात आली की नियमपुस्तक खरं वाचलं जातं. दिवसभर उन्हात उभं राहून, हरलेल्या संघाचे टोमणे ऐकूनही ऑगस्टमध्ये त्याला हा खेळ तितकाच आवडला, तर मार्करचा विषय पुन्हा काढा. मैदानाच्या संमतीपत्रावर पालक म्हणून तुमचीच सही लागेल. ती करण्याआधी ते पूर्ण वाचा, आणि एकदा त्याच्यासोबत मैदानावर जाऊन या.