रानातला कांदा आणि रानकांदा

गडचिरोलीत बदलून आलेल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. मुलं "जंगलातले कांदे उकडून खाल्ले" म्हणतात, पण ते निघतात कंद. मग 'कांदा' हा 'कंद'चा अशुद्ध उच्चार का? आणि शाळेच्या अंकात 'औषधी व जंतुनाशक रानकांदा' असं लिहिलं तर चालेल का?

मुलांचं अजिबात चुकत नाही. स्कंधाचा खांदा झाला, दंडाचा दांडा झाला, तसाच कंदाचा कांदा. संस्कृतात पलांडु म्हणतात त्या एकाच भाजीपुरता हा शब्द पुढे प्रमाण मराठीत आक्रसला. झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोलीकडच्या पूर्व विदर्भात, त्याचा मूळचा ऐसपैस अर्थ अजून नांदतो आहे. तिथे जमिनीखाली पोसलेलं ते कांदा, आणि कडू असेल तर 'करू कांदा'. पलीकडच्या तेलुगूत तर 'कंद' म्हणजे सुरण. त्यामुळे मुलांच्या वहीत हा शब्द लाल शाईने खोडू नका, ही मनापासून विनंती.

'रानकांदा' मात्र छापू नका. मराठी वनस्पतिग्रंथांत हे नाव कोलकांद्याचं आहे. तो दिसतोही थेट कांद्यासारखा, पदर असलेला, आणि विषारी आहे. त्यातली द्रव्यं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. मुलं खातात ते बहुधा डायोस्कोरिया या प्रजातीतले वेलकंद असावेत. पानं पाहून विचारा. हृदयाच्या आकाराचं एकेरी पान आणि वेलावर लोंबणारे बटाट्याएवढे गोळे असतील तर तो कडू करांदा, म्हणजेच डुकरकंद. काटेरी वेल आणि तीन-तीन पर्णिका असतील तर सातपुड्याकडे ज्याला बैचांदी म्हणतात तो. बैचांदीत डायोस्कोरीन हे विष असतं, म्हणून त्याच्या पातळ चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवतात, पुन्हा पुन्हा पाणी बदलून उकळतात. हे ज्ञान घरातल्या म्हाताऱ्या बायांकडे असतं. त्यांना न विचारता कुणी हा कंद चुलीवर चढवू नये.

राहिला 'जंतुनाशक'. हा शब्द आपण फिनेलच्या बाटलीवर वाचतो, तेवढ्याच खात्रीने तो कंदाला लावता येत नाही. कडू करांद्याच्या अर्काने काही जिवाणूंची वाढ रोखली जाते, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. टायफॉइडचा साल्मोनेला त्यांपैकीच. पण तो अर्क काचेच्या बशीतला. उकडलेला कांदा खाऊन ताप उतरतो, असं त्यावरून ठरत नाही. शिवाय याच करांद्यातलं डायोसबल्बिन यकृताला इजा करू शकतं, म्हणून नुसतं 'औषधी' लिहिणंही धोक्याचं. वाचणारा 'औषधी'चा अर्थ 'निर्धोक' असाच घेतो.

मी असं लिहिलं असतं: 'करू कांदा (कडू करांदा): जिवाणूंची वाढ रोखणारे घटक असलेला रानातला कंद; कडूपणा नीट काढल्याशिवाय खाऊ नये.'