फेब्रुवारीतली रिट्रीट आणि पप्पांचा ई-मेल

प्रश्न : आम्ही मूळचे वसईचे, गेली १८ वर्षं न्यू जर्सीत. मुलगी २२ वर्षांची, बायोलॉजीची पदवीधर. तिला मेडिकलला घालायचं आमचं ठरलेलं होतं. पण ऑगस्टपासून ती जेझुइट व्हॉलंटिअर कोअर, म्हणजे जेव्हीसी या कॅथलिक स्वयंसेवी संस्थेत वर्षभरासाठी गेली. दुसऱ्या शहरात बेघरांच्या दवाखान्यात नोंदणीचं काम करते. फेब्रुवारीत त्यांची चार दिवसांची रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-चिंतनाचं शिबिर आहे आणि नेमका तेव्हाच एमकॅटचा, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास सुरू होतोय. तिला रिट्रीटमधून सूट द्या, असा ई-मेल मी कोऑर्डिनेटरना केला आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. हल्ली ती सोशल वर्क वगैरे बोलू लागली आहे. रिट्रीटमध्ये मुलींना सिस्टर, म्हणजे नन व्हायला वळवतात, असंही ऐकलं. तिला कसं समजवावं?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी त्या ई-मेलपाशीच अडले.

तुमची मुलगी रोज अशा माणसांसमोर बसते ज्यांच्याकडे ना पत्ता, ना धड कागदपत्रं. त्यांच्याशी गोड बोलून, कधी खमकेपणाने, ती त्यांना डॉक्टरांपर्यंत पोचवते. आणि तिच्या वरिष्ठांना तिच्या पप्पांचा निरोप जातो की हिला चार दिवस सोडा. त्या ऑफिसात ती आता कोण ठरली? १८ वर्षं अमेरिकेत नोकरी करताय, तिथे मोठ्या माणसाची रजा त्याचा बाप मागत नाही हे मी काय सांगायचं! उद्या तुमच्या मॅनेजरला वसईहून तुमच्या वडिलांचा फोन गेला तर?

कोऑर्डिनेटर हे तिला सांगणारच. एव्हाना सांगितलंही असेल. शिवाय एक हिशेब तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. पुढे मागे तिने मेडिकलला अर्ज केलाच, तर शिफारसपत्रासाठी याच दवाखान्यातल्या वरिष्ठांकडे जाईल. ‘जबाबदारी स्वतः पेलते’ असं त्यांनी लिहावं, असं तुम्हालाही वाटत असेल ना?

म्हणून आजच दुसरा मेल करा, विनंती मागे घ्या. त्याआधी मुलीला फोन करा आणि केलंय ते सांगा. ती चिडेल. चिडू द्या.

आता रिट्रीट. तुम्ही तिला सहल समजताय. ऑगस्टचा उत्साह फेब्रुवारीपर्यंत ओसरलेला असतो. बाहेर मरणाची थंडी, हातखर्च तुटपुंजा, एका घरात राहणाऱ्या मुलांमध्ये भांडी कुणी घासायची यावरून धुसफूस, आणि कामावर तोच माणूस तिसऱ्यांदा रस्त्यावर परतलेला दिसतो. वर्ष सोडून जावंसं वाटण्याचा काळ हाच. म्हणूनच मध्यावर ही मुलं काम थांबवून शांत बसतात, प्रार्थना करतात, काय जमलं आणि काय अंगावर आलं ते एकमेकांना सांगतात, उरलेल्या महिन्यांचं बघतात. जेव्हीसीची सुरुवात १९५६ची, अलास्कातल्या कॉपर व्हॅलीच्या शाळेतली. सामूहिक राहणी, साधेपणा, सामाजिक न्याय आणि अध्यात्म ही त्यांची चार मूल्यं. रिट्रीट त्या वर्षाचाच भाग आहे; ती चुकवणं म्हणजे प्रॅक्टिकलला दांडी मारण्यासारखंच.

सिस्टर होण्याच्या भीतीबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण ती बऱ्याच घरांत असते आणि वसईकर असूनही तुम्हाला आहे, याचं नवल वाटतं. जेव्हीसीचे स्वयंसेवक कोणतंही व्रत घेत नाहीत. कॅथलिक नसलेली मुलंही तिथे असतात. सिस्टर होणं हा वेगळाच आणि लांबचा रस्ता आहे. चर्चच्या कायद्यानुसार नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा प्रशिक्षणाचा काळ, किमान १२ महिन्यांचा, त्यानंतर तात्पुरती व्रतं किमान ३ वर्षं, आणि मग आयुष्यभराची. नोव्हिशिएटच्या आधीची उमेदवारी वेगळी. सक्तीने, भीती घालून किंवा फसवून घ्यायला लावलेलं व्रत ग्राह्यच धरलं जात नाही. चार दिवसांत कुणाला सिस्टर करता आलं असतं, तर सिस्टरांची कॉन्व्हेंटं अशी ओस पडली नसती. आणि समजा, सगळं बघून-सवरून तिला कधी तसं वाटलंच, तर तो निर्णय तिचा असेल, क्लासच्या तारखेने तो टळणार नाही.

एमकॅटचं थोडक्यात : परीक्षा जानेवारीत आणि मग वसंतापासून सप्टेंबरपर्यंत अनेकदा होते, आणि गुण बहुतेक कॉलेजं दोन-तीन वर्षं धरतात. अमेरिकेत मेडिकलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलं पदवीनंतर एखादं वर्ष तरी थांबून आलेली असतात. वर्ष वाया गेलं, ही भाषा सोडा.

पण मेडिकल हवंय कुणाला? ‘घालायचं आमचं ठरलेलं होतं’ असं तुम्ही लिहिता, आणि तिचं स्वतःचं म्हणणं ‘वगैरे’मध्ये उरकता. सोशल वर्कची मास्टर्स पूर्णवेळ केली तर साधारण दोन वर्षांची असते; दवाखान्यातल्या कामाला सार्वजनिक आरोग्याची पदवीही जवळची. जेव्हीसी केलेल्यांना काही विद्यापीठं फीमध्ये सवलत देतात. कर्ज किती होईल, पगार किती मिळेल, हे जरूर विचारा. तो बापाचा हक्कच आहे. मात्र रिट्रीट होऊन आठवडाभर जाऊ दे. मग विचारा : दिवसभरात कुठलं काम करताना तुला घड्याळाकडे बघावंसं वाटत नाही? रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी बसावंसं वाटतं, की तो रुग्ण रात्री झोपणार कुठे हे शोधावंसं वाटतं? उत्तर मिळालं की लगेच सल्ला देऊ नका.

तिला माझ्याशी बोलायचं असेल तर तिने स्वतः लिहावं. तुमच्यामार्फत आलेल्या पत्राला मी उत्तर देणार नाही.