दुखापतीनंतर पुन्हा धावायला मनच उठत नाही. प्रेरणा कुठून आणायची?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय एकोणचाळीस, राहायला धुळ्याला, पांझरेकाठी धावत होतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पोचला होतात. मग नडगी दुखायला लागली, तीन महिने सगळं सुटलं. आता एप्रिलपासून पुन्हा सुरुवात केलीत तर दोन किलोमीटरमध्ये जीव जातो, बूट घालून दारापर्यंत जाता आणि परत फिरता. सोबतच्या बायका एकवीस किलोमीटर पळतायत आणि तुम्ही स्वतःला आळशी म्हणताय.

तो आळशी शब्द वाचला आणि उत्तर लिहायला बसले. मी सुद्धा स्वतःला सहा महिने तेच म्हणत होते, आणि माझं हिमोग्लोबिन तेव्हा ८.९ होतं.

मी जळगावची. प्राथमिक शाळेत शिकवते. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि घर एकदम रिकामं झालं, तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षी मेहरूण तलावावर चालायला जायला लागले. चालता चालता पळायला लागले. आठ महिन्यांत दहा किलोमीटर झाले. त्या दिवशी घरी येऊन पायरीवर बसून रडले होते, आनंदाने. शाळेत असताना खो-खोच्या संघात सुद्धा कुणी घेतलं नव्हतं मला.

मग हाफ मॅरेथॉनला, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या शर्यतीला, नाव दिलं आणि तिथून घाई झाली. आठवड्याला वीस किलोमीटर पळत होते, ते पाच आठवड्यांत बेचाळीसवर नेले. दम टिकत होता म्हणून वाटायचं शरीर तयार आहे. पण दम आणि हाड एका वेगाने तयार होत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडाचं काम वेगळं असतं. भिंत सारवायच्या आधी जुने पोपडे खरवडून काढतात ना, तसं हाड ताण आला की आधी जुना भाग खरवडतं आणि नवा भाग नंतर सावकाश भरतं. त्या मधल्या काही आठवड्यांत ते पहिल्यापेक्षा कच्चं असतं. नेमक्या त्याच काळात मी अंतर दुप्पट केलं.

त्यात श्रावण. सोमवार आणि शनिवार असे दोन उपवास. सकाळी बारा किलोमीटर पळून दिवसभर साबुदाणा आणि चहा. वजन सहा किलोने उतरलं, सगळे कौतुक करायचे, मलाही फार बरं वाटायचं. उपवासाला माझा विरोध नाही, आजही सोमवार धरते. पण त्या दिवशी पळत नाही, आणि पळायचं असेल तर पोटभर खाते. जेवढं खर्च होतंय तेवढं पोटात गेलं नाही तर शरीर कुठून तरी काढून घेतं. माझ्या बाबतीत ते हाडातून आणि रक्तातून काढलं गेलं.

डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. एका दवाखान्यात सांगितलं, स्नायू आखडलाय, मलम लावा, पट्टी बांधा. मी पट्टी बांधून आणखी तीन आठवडे पळाले. मग एका सकाळी काव्यरत्नावली चौकाजवळ फुटपाथवरून खाली पाय ठेवला आणि तो पाय पुन्हा उचलायची हिंमत झाली नाही. रिक्षाने घरी आले.

दुसऱ्या डॉक्टरांनी काय केलं ते नीट सांगते, कारण तुम्हालाही नडगीच दुखली होती. त्यांनी अंगठ्याने नडगीच्या हाडावर गुडघ्याखालून घोट्यापर्यंत बोटाबोटाच्या अंतराने दाबत नेलं. सगळीकडे ठीक होतं, आणि एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, मी ओरडले. ते म्हणाले, नडगीभर लांब पसरलेलं दुखणं असेल, पळायला लागल्यावर थोडं कमी होत असेल, तर बहुतेक वेळा हाडावरच्या आवरणाची आणि स्नायूंची ओढ असते. एकाच बिंदूवर दुखत असेल, पळताना वाढत जात असेल आणि रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची. एक्स-रे स्वच्छ आला. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसली. प्लास्टर नाही, पण आठ आठवडे पळणं बंद.

तुमच्या नडगीचं नेमकं काय झालं होतं ते तुम्ही लिहिलं नाही. आज रात्री अंगठ्याने एकदा दाबून बघा. तसा एखादा बिंदू सापडला तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

आठ आठवडे झाले, पाय बरा झाला. आणि नेमकं तिथेच माझंही तुमच्यासारखं झालं. जळगावची थंडी, पळायला याहून चांगला मोसम नाही, आणि मी पांघरुणात. गजर बंद करायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. कधी उठलेच तर दोन किलोमीटरमध्ये छाती भरून यायची. शाळेचा जिना चढून वर्गात गेले की मुलांना पुस्तक उघडायला सांगायचे आणि दोन मिनिटं खुर्चीला धरून उभी राहायचे. धावणाऱ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणाचं पदक, कुणाचा फोटो. मी अंगठा पाठवायचे आणि फोन पालथा ठेवायचे. मन लागावं म्हणून काय काय नाही केलं! भिंतीवर वेळापत्रक लावलं, नवे बूट आणले, धावपटूंच्या मुलाखती ऐकल्या. प्रत्येक गोष्ट चार दिवस टिकायची. पाचव्या दिवशी स्वतःवरच राग.

अक्षय तृतीयेला माहेरी गेले, अमळनेरकडे. आखाजीला लेकी माहेरी येतात हे तुम्हाला मी सांगायला नको. निंबाला झोका बांधलेला, भाचरं झोक्यावर. मी ओट्यावर तांदळाचं ताट घेऊन निवडत बसले होते आणि निवडता निवडता कच्चे तांदूळ तोंडात टाकत होते. ती सवय तीन-चार महिन्यांपासून लागली होती, मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आई बघत होती. ती उठून आली, माझी हनुवटी धरली, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी खाली ओढली आणि उजेडाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "पोरी, तुन्हा आंगमा रगतच नही ऱ्हायनं."

आई चौथी शिकलेली. तिने पापणीच्या आतला रंग बघितला आणि कच्च्या तांदळाचा अर्थ तिला कळला. कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ असलं काही खावंसं वाटणं हे लोह कमी झाल्याचं लक्षण असतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

जळगावला येऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९. बायकांसाठी १२ च्या खाली गेलं की कमी धरतात. फेरिटिन, म्हणजे शरीरात साठवलेलं लोह, ते ६. डॉक्टरांनी विचारलं, पाळीत रक्तस्राव किती होतो? मी गप्प. दोन वर्षांपासून अंगावरून फार जात होतं, दर महिन्याला दोन दिवस शाळेत जीव मुठीत धरून जायचे, आणि हे मी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. वयाप्रमाणे होत असेल म्हणून सोडून दिलं होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात लहान गाठी निघाल्या. त्यावर उपचार सुरू झाले.

रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातला ऑक्सिजन स्नायूंपर्यंत नेतं. ते एक चतुर्थांश कमी असेल तर तुम्ही कितीही मनाचा निर्धार करा, पायापर्यंत पुरेसा माल पोचतच नाही. मी सहा महिने वाहतुकीचा दोष चालकाच्या माथी मारत होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रेरणा शोधण्याआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड, ड आणि ब१२ जीवनसत्त्व. फेरिटिन मुद्दाम लिहून घ्या डॉक्टरांकडून, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असताना सुद्धा साठा रिता असू शकतो. सगळं चांगलं निघालं तर उत्तमच, मग मनाचं बघू. पण ज्या बाईने एकदा स्वतःच्या पायांनी दहा किलोमीटर पळून दाखवलेत, ती अचानक आळशी झाली हे मी मानणार नाही.

मला गोळ्या दिल्या. खजूर खा, गूळ-शेंगदाणे खा, बीट खा, असं प्रत्येक जण सांगत होतं. खाल्लं मी, बाजरीची भाकरी आणि मेथी तर आपल्या ताटात असतेच. पण साठा इतका खाली गेल्यावर नुसत्या खाण्याने भरत नाही आणि त्या भरवशावर बायका वर्ष वर्ष काढतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. मी एक बदल केला: जेवणावर लगेच चहा बंद. चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. चहा दीड-दोन तासांनी, आणि गोळीबरोबर लिंबूपाणी. मे महिन्यात ८.९, जूनअखेरीस १०.४, ऑगस्टमध्ये १२.१. फेरिटिन भरायला मात्र पुढचा हिवाळा उजाडला.

आणि मन? ते १०.४ ला उठलं. जून संपताना एका सकाळी गजराच्या आधी जाग आली आणि मी बूट शोधत होते. काही ठरवलं नव्हतं. आदल्या दिवशी कुणाचं भाषणही ऐकलं नव्हतं.

परत कशी आले ते थोडक्यात. किलोमीटर मोजणं सोडलं, मिनिटं धरली. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. दुसऱ्या सकाळी नडगीवर अंगठा फिरवायचा; दुखलं तर पुढे सरकायचं नाही. सलग अर्धा तास पळायला मला अकरा आठवडे लागले. वेग ठरवायला घड्याळ काढून ठेवलं आणि पळताना मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणायला लागले. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एका दमात ओळ पुरी झाली तर वेग बरोबर. ओळ मधे तुटली की पाय आवरायचे. बहुतेक दिवस हाच वेग ठेवा, ज्यात बोलता येतं. आधी मी रोजच तुटक्या श्वासाने पळत होते.

तुम्ही एप्रिलमध्ये सुरुवात केलीत हेही लक्षात घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, पहाटे पाचलाही भिंती गरम असतात. शरीराला थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, पायांच्या वाट्याला कमी येतं, म्हणून तोच वेग जड जातो. उन्हाची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, आणि तरी जानेवारीचा वेग मेमध्ये येत नाही. कुणालाच येत नाही. जानेवारीतल्या आकड्यांशी मेचे आकडे लावू नका, नाहीतर उगाच रडू येईल. सूर्य उगवायच्या आत परत या, मीठ-साखर-लिंबाचं पाणी घ्या, आणि डोकं गरगरलं की तिथेच थांबा.

सोबतच्या बायकांबद्दल. मी ग्रुप चार महिने गप्प करून ठेवला होता, त्याची मला खंत नाही. मला बाहेर काढलं ते शेजारच्या वहिनींनी. त्या पळत नाहीत, फक्त चालतात. पहाटे पाचला फाटकाशी उभ्या राहायच्या. आत येऊन हाक नाही, फोन नाही, नुसत्या उभ्या. कुणीतरी अंधारात आपल्यासाठी उभं आहे म्हटल्यावर पांघरुणात पडून राहता येत नाही. तलावावर पोचलो की त्या चालायच्या, मी माझी एक-दोन मिनिटं करायचे, आणि परत येताना दोघी बरोबर. पदकवाल्या मैत्रिणीपेक्षा अशी एखादी सोबत शोधा. पांझरेकाठी रोज चालणारी एखादी मावशी सुद्धा चालेल. पहाटेच्या अंधारात एकटं जाण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

हाफ मॅरेथॉन पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात झाली. दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. मधे दोनदा चालले, सोळाव्या किलोमीटरला रस्त्याकडेच्या एका आजोबांनी अर्धं केळ सोलून हातात दिलं ते खाल्लं, आणि पोचले. पदक आईकडे आहे, तिने देवघराशेजारी खिळ्याला अडकवलंय.

अजूनही दर सहा महिन्यांनी रक्त तपासते. मागच्या वेळी फेरिटिन पुन्हा थोडं उतरलं होतं, तेव्हा दोन महिने अंतर कमी केलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पाळीचा त्रास आता पुष्कळ कमी आहे. तुम्हाला तसा काही त्रास असेल तर तो डॉक्टरांसमोर पहिल्याच भेटीत बोला, माझ्यासारखं दोन वर्षं तोंड मिटून बसू नका.

तपासणी या आठवड्यात करून घ्या. आकडे आले की मला इथेच कळवा, मी वाट बघते.