पंप नवा घातला तरी स्टिअरिंग घूं घूं करतंय? बॉक्स काढायच्या आधी हे वाचा

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. १५ वर्षांचा पिकअप, वळवताना घूं घूं आवाज, पॉवर स्टिअरिंगचा पंप (तेल दाबून स्टिअरिंग हलकं करणारा) नवा बसवला तरी तसाच, आणि आता मेकॅनिक म्हणतोय स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी, बदलू. बॉक्सला हात लावू देऊ नका. बॉक्स खराब झाला की स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा) येतो, सील गळतं, ठोका लागतो. असा रडत नाही तो.

आमच्याकडे असाच जुना पिकअप आहे, आधी वडील चालवायचे, आता मी आणि दादा. सकाळी थंड इंजिनवर स्टिअरिंग फिरवलं की रडायला सुरुवात, तापल्यावर जरा कमी, रेस दिली की परत वाढणार. दादा म्हणाला पंप गेला, मेकॅनिकपण म्हणाला पंप गेला, बसवला नवा. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी तोच आवाज. मग दोघांनी ठरवलं की पीसच खराब निघाला, आणि आणला दुसरा पंप. तोही रडायला लागला.

मी तोपर्यंत स्टिअरिंगच्या ऑइलच्या डब्याचं झाकण उघडून बघितलं होतं. आमच्या गाडीत त्यात लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) पडतं, ते स्वच्छ दिसायला पाहिजे, तर आत दुधट गुलाबी आणि वर बारीक फेस. मी म्हटलं, दादा, हवा शिरतेय कुठून तरी. त्याचं एकच उत्तर, "खाली एक थेंब तेल नाही. पाइप लीक असता तर गळलं नसतं का?" मेकॅनिकनेही मान डोलावली आणि विषय संपला. तेव्हा मला नीट समजावता आलं नाही, म्हणून आज इथे सांगतो.

पंपाकडून बॉक्सकडे जाणारा पाइप प्रेशरचा, तो फुटला तर तेल बाहेर उडणार, बरोबर. पण डब्यातून पंपाकडे येणारा रबरी पाइप सक्शनचा आहे. इंजिन चालू असताना पंप त्यातून तेल ओढत असतो, त्यामुळे तिथे बारीक फट असली तर तेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. खाली थेंब दिसणारच नाही! ते बुडबुडे पंपात जाऊन प्रेशरखाली फुटतात, तोच तुमचा घूं घूं, आणि त्यानेच पंपाची आतली पाती झिजतात. म्हणजे आमचा पहिला नवा पंप खराब निघाला नव्हता, हवा पाजून पाजून आम्हीच त्याची वाट लावत होतो.

शेवटी एका रविवारी मी एकटाच बसलो. इंजिन बंद करून सक्शन पाइपच्या दोन्ही टोकांना क्लिपभोवती जाड ग्रीस थापलं, मग चालू केलं. थोड्या वेळात आवाज निम्म्यावर आला. पाइप काढला तर मधे मऊ, पण टोकाला लाकडासारखा कडक झालेला, क्लिप कितीही आवळा, तो पकडतच नव्हता. नवा पाइप घातला, तोही ऑइल चालेल असाच, साधा पाण्याचा नाही. मग पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत २० वेळा फिरवलं, मधे मधे डब्यात तेल घालत राहिलो. बुडबुडे थांबल्यावरच चालू केलं. आवाज गेला तो गेलाच.

दादा अजूनही सांगतो की दुसरा पंप चांगला निघाला म्हणून आवाज गेला. तोच पंप पाइप बदलेपर्यंत ३ आठवडे रडत होता, मग रविवारी दुपारी अचानक चांगला कसा झाला? पंप पंप करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारतो. डब्याचं झाकण उघडायला एक मिनिट लागत नाही आणि तरी आधी पाना हातात घेतात.

आता तुमच्या गाडीत फेस नसेल तर माझं निदान तुम्हाला लागू नाही, हेही सांगतो. मग डब्याच्या तळाची जाळी बघा, जुना पंप झिजताना त्याचा चुरा तिथे अडकतो आणि नव्या पंपाला तेलच पोचत नाही. प्रेशरचा पाइप चॅसीला टेकला असेल तरी गुणगुण येते आणि बॉक्समधूनच येतेय असं वाटतं. फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर, चिरकत असेल तर पंप फिरवणारा बेल्ट. फुल लॉकला नुसता सूं आवाज येणं नॉर्मल आहे, फक्त ५ सेकंदांच्या वर तिथे धरून ठेवू नका. तेल कुठलं ते झाकणावर नाहीतर मॅन्युअलमध्ये बघूनच घाला, सगळ्यांना एटीएफ चालत नाही.

आणि आवाज घूं घूं नसून टक टक असेल तर गोष्टच वेगळी, चाकांकडचे सांधे बघा: टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, आणि स्टिअरिंगच्या शाफ्टचे जॉइंट. एकाला स्टिअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली एकेका जॉइंटवर हात ठेवून बघा, ढिला असेल तो हाताला ठोका देतो. तसं सापडलं तर दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

फेस आहे की नाही ते बघून इथेच लिहा, थंड इंजिनवर चालू करून लगेच बघा.