बाटलीवर ‘ह्यूमन’ लिहिलंय म्हणून घाबरू नका, ताई

नमस्कार ताई,

पत्र वाचलं, आणि खरं सांगू का, थोडं हसूही आलं, रागवू नका. मुलगी एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला, पुण्यात एका लॅबमध्ये सहा महिन्यांचा प्रोजेक्ट, तिने घरच्या ग्रुपवर बोटाएवढ्या बाटलीचा फोटो टाकला, त्यावर ‘न्यूरोमेडिन यू-25, ह्यूमन’ असं लिहिलेलं, आणि तुमच्या पोटात गोळा आला की पोरगी माणसाच्या मेंदूतून काढलेलं काहीतरी हाताळतीये. त्यात जिमला जाणारा भाचा विचारतोय की याने वजन उतरतं म्हणे, एखादी बाटली मिळेल का. आणि तुमचा खरा प्रश्न शेवटच्या दोन ओळीत, की यात नोकरी आहे का, का आत्ताच बी.एड.ला घालू.

आधी ती भीती काढून टाका. ‘ह्यूमन’ म्हणजे फक्त डिझाइन माणसाचं. आपल्या शरीरात हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचाच छोटा भाऊ, 25 अमिनो आम्लांची माळ असतं, तीच माळ त्याच क्रमाने मशीनवर ओवलेली, त्यात माणसाचा एक थेंबही नाही. उंदराच्या माळेत 23च मणी असतात, म्हणून लेबलवर कोणाची ते लिहावं लागतं. ओवायची ही पद्धत मेरीफिल्ड नावाच्या अमेरिकन केमिस्टने 1963 मध्ये मांडली, 1984 ला त्यांना नोबेल मिळालं. बारीक प्लास्टिकच्या मण्यांवर पहिलं अमिनो आम्ल अडकवायचं, मग त्याला दुसरं, मग तिसरं, आणि गंमत म्हणजे माळ शेपटीकडून डोक्याकडे ओवत जायची. प्रत्येक जोड 99 टक्के नीट झाली असं धरलं तरी 24 जोडांनंतर पूर्ण माळ साधारण 79 टक्केच मिळते, बाकी सगळ्या तुटक्या, अर्धवट माळा. त्यातून चांगली वेगळी काढणं हीच खरी मेहनत, आणि ताई, पगार याच मेहनतीचा मिळतो. माझं म्हणणं याच्याभोवतीच आहे.

आता हे न्यूरोमेडिन यू आहे काय? 1985 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी डुकराच्या मज्जारज्जूतून शोधलं, उंदराच्या गर्भाशयाला आकुंचन आणतं म्हणून नावात यू, म्हणजे युटेरस. पुढे कळलं की मेंदूत दिलं की उंदीर कमी खातात, आणि 2004 मध्ये ज्या उंदरांत हे बनवणारं जीनच बंद केलं ते लठ्ठ झाले. आणि 2017 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की मज्जातंतू हेच पेप्टाइड सोडून काही रोगप्रतिकारक पेशींना उठवतात, त्यामुळे आतड्यातल्या जंतांशी लढायला मदत होते पण फुफ्फुसात तीच गोष्ट ॲलर्जीची सूज वाढवते. म्हणजे भूक आणि सूज दोन्ही एकाच धाग्यात, म्हणून दोन्हीकडचे लोक त्यावर काम करतात. औषध म्हणून ते कुठेही मंजूर नाही. भाच्याला ठणकावून सांगा, ही बाटली संशोधनासाठीच असते, ती टोचून घ्यायला बनवलेलीच नसते, आणि फुफ्फुसातली सूज वाढवणारं काहीतरी वजन उतरवायला टोचून घेणारा माणूस मला तरी शहाणा वाटणार नाही.

आता नोकरी. मुलीला फोन करून एक विचारा, तू पेप्टाइड फक्त पेशींवर टाकतीयेस का ते तपासायलाही शिकतीयेस? कारण या 25 मण्यांच्या शेवटी एक अमाइडचं, म्हणजे एका छोट्या रासायनिक गटाचं, टोपण असतं, ते नसेल तर पेप्टाइड कामच करत नाही. आणि टोपण असलेल्या-नसलेल्या माळेच्या वजनात फरक किती, तर जेमतेम 1 डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक, साधारण एका हायड्रोजन अणूएवढं), एकूण वजन तीन हजाराच्या आसपास असताना. हा फरक मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन करणाऱ्या मशीनवर, ओळखणारी, एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या मशीनचा) ग्राफ बघून हे मेन पीक, म्हणजे मुख्य शिखर, आणि ही शेजारची कुबड म्हणजे अर्धवट माळ हे सांगणारी मुलगी कंपनीला हवी असते. मग ती बाटली न्यूरोमेडिनची असो नाहीतर दुसऱ्या कशाची. एका रेणूवर सगळा डाव लावू नका, रेणू येतात-जातात, ग्राफ वाचायची सवय राहते.

आणि वेळही बरी आहे. सेमाग्लुटाइड, ते वजन कमी करायचं गाजलेलं इंजेक्शन, तेही 31 अमिनो आम्लांचं पेप्टाइडच, त्याच्यामुळे पेप्टाइड बनवणाऱ्यांना एकदम भाव आलाय. पॉलिपेप्टाइड ग्रुपचा एक कारखाना आपल्या अंबरनाथलाच आहे. तिथे किंवा दुसरीकडे क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, किंवा ॲनालिटिकलमध्ये सुरुवात होते, शिफ्ट असतात, कागदपत्रांचं काम कंटाळवाणं असतं, हे मी लपवत नाही.

दुसरा रस्ता पीएचडी. त्यासाठी सीएसआयआर नेट ही राष्ट्रीय परीक्षा, लाइफ सायन्सेस विषय. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला 37,000 अधिक घरभाडं, मुलींना वयात 5 वर्षांची सूट. पुण्यात आयसर, एनसीएल, एनसीसीएस या संशोधन संस्था सगळ्या जवळ आहेत. पण पीएचडी फक्त “पुढे काय करू कळत नाही” म्हणून करायची असेल तर नको, पाच-सहा वर्षं जातात आणि मधे लग्नाची टुमणी तुम्हीच लावाल, खरं की नाही?

बी.एड. वाईट नाही, माझी बहीण शिक्षिका आहे, मी असं म्हणायची हिंमतही करणार नाही. पण ते एमएस्सीनंतर दोन वर्षांनीही करता येतं, लॅबमधली सवय मात्र दोन वर्षांत जाते.

एक छोटी गोष्ट मुलीला नक्की सांगा, तिच्या गाईडने सांगितली असेलच. ती बाटली उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून माल तळाशी बसवणाऱ्या मशीनमध्ये, फिरवायची. एक मिलिग्रॅम पावडर काचेला पातळ पापुद्र्यासारखी चिकटलेली असते, बाटली रिकामीच वाटते, आणि झाकण उघडलं की निम्मा माल झाकणाला. माझ्या हातून एकदा असं झालंय, नंतर पूर्ण आठवडा तोंड लपवत फिरलो. आणि विरघळवल्यावर छोटे-छोटे भाग करून उणे 20 ला ठेवायचे, रोज काढून वितळवून परत गोठवायचं नाही.

फोटो पाठवलाच आहे तर एचपीएलसीचा ग्राफही पाठवायला सांगा तिला, मग तिच्याशीच थेट बोलतो. तोवर नेटचा आणि बी.एड. सीईटीचा, दोन्ही फॉर्म भरून ठेवा.